औषध सुकवण्याची हिकमत

कापसाच्या धंद्यात पाणीसुद्धा तोलून घ्यावे लागते. पूर्ण सुकवलेला १०० किलो कापूस मोकळ्या हवेत ठेवला की तो ओल ओढून घेतो आणि बाजाराने मान्य केलेल्या प्रमाणानुसार १०८.५ किलो भरतो. हे साडेआठ टक्के पाणी घेणारा आणि विकणारा दोघेही हिशेबात धरतात. ओल कमी झाली तर मागावर धागा तुटतो, जास्त झाली तर गाठीत बुरशी धरते. आम्ही तीस वर्षांहून अधिक काळ सूत आणि ग्रे कापडाच्या धंद्यात आहोत. माल नेमका किती कोरडा असावा, हे ज्याला कळले त्याला धंदा कळला, असा आमचा अनुभव आहे.

औषधांच्या कारखान्यातही आज पाण्याचा असाच हिशेब चालतो आणि तिथे हिशेब चुकला तर जीव जातो. साप चावलेल्या माणसाला दिले जाणारे औषध, मुलांची गोवराची लस, कर्करोगावरची महागडी इंजेक्शने, हिमोफिलियाच्या रुग्णाचे रक्त गोठवणारे औषध, यांपैकी पुष्कळ औषधे कुपीत पांढऱ्या भुकटीच्या रूपात येतात. ही भुकटी कशी होते, कोण करतो, तिच्यात आपल्या माणसांना काय काम आहे आणि ती घरात किंवा दवाखान्यात आली तर काय जपावे, हे व्यापारी आणि कारागीर बंधूंपुढे मांडावे म्हणून हा लेख.

जैविक औषध म्हणजे काय?

डोकेदुखीची ॲस्पिरिन घ्या. तिचा एक रेणू अवघ्या २१ अणूंचा. अशी औषधे रसायने एकत्र करून भट्टीत तयार होतात आणि गोळीच्या रूपात वर्षानुवर्षे टिकतात. जैविक औषधांची जात वेगळी. ती जिवंत पेशींकडून, जंतूंकडून किंवा जनावरांच्या रक्तातून मिळवावी लागतात. इन्सुलिन, लसी, सर्पविषावरचा उतारा, कर्करोगावरची प्रतिपिंडे ही सारी या जातीची. एका प्रतिपिंडाच्या रेणूत २० हजारांहून अधिक अणू असतात.

ही औषधे बहुतेक प्रोटीनची असतात. प्रोटीन म्हणजे एक लांब धागा, पण तो ठराविक पद्धतीने घडी घालून बसलेला. औषधाचा सारा गुण त्या घडीत आहे. धागा तोच राहिला आणि घडी मोडली, तर औषध निकामी. अंड्याचा पांढरा बलक तापवला की घट्ट होतो आणि पुन्हा पातळ होत नाही. तिथे हेच घडते : घड्या उलगडतात आणि धागे एकमेकांत गुंततात.

पाण्यात विरघळलेले प्रोटीन सतत हलत असते, एकमेकांवर आदळते, गोळा होऊन बसते. पाणी स्वतःही हळूहळू त्याचे जोड तोडते. उष्णता वाढली की हे सगळे वेगाने होते. म्हणून द्रव लसी आणि औषधे २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागतात. शहरात फ्रीज आहे, वीज आहे. पण मे महिन्यात जिथे आठ-आठ तास वीज नसते, त्या गावाचे काय?

उपाय एकच : पाणी काढून टाकायचे. पण ते तापवून काढता येत नाही, कारण तापवले की अंड्याचा बलक होतो. यातून जी हिकमत निघाली तिचे नाव गोठवून सुकवणे. कारखान्यात तिला फ्रीझ-ड्राइंग किंवा लायोफिलायझेशन म्हणतात. कुपीवर ‘लायोफिलाइज्ड’ असा शब्द छापलेला दिसला तर औषध या रीतीने सुकवलेले आहे असे समजावे.

बर्फाची थेट वाफ

बर्फ आधी वितळतो, मग त्याची वाफ होते, हे आपण रोज पाहतो. पण हवेचा दाब फार कमी केला तर बर्फ वितळण्याचा टप्पाच गाळतो आणि त्याची थेट वाफ होते. हवेचा नेहमीचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर इतका. तो साडेचार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याखाली नेला की पाणी द्रवरूपात राहू शकत नाही.

कारखान्यात औषधाच्या हजारो कुप्या पोलादी कपाटाच्या फळ्यांवर मांडतात. रबरी बूच अर्धेच बसवलेले असते, म्हणजे वाफेला वाट राहते. पहिल्या टप्प्यात फळ्या उणे ४० अंश किंवा त्याहूनही थंड करून माल गोठवतात. दुसऱ्या टप्प्यात पंप लावून हवा काढतात. दाब नेहमीच्या हवेच्या काही हजाराव्या भागावर येतो. मग फळ्यांना अगदी बेताने ऊब देतात. बर्फाची वाफ होऊन ती शेजारच्या अतिथंड नळ्यांवर जाऊन पुन्हा बर्फ म्हणून चिकटते. तिसऱ्या टप्प्यात उष्णता थोडी वाढवून औषधाला घट्ट धरून बसलेली शेवटची ओल काढतात. शेवटी फळ्या एकमेकींवर दाबून बुचे आतल्या आतच बंद करतात. कुपीत उरते ती सच्छिद्र पांढरी वडी. तिच्यात ओल साधारण १ ते ३ टक्के, पुष्कळदा त्याहूनही कमी. पाणी घातले की वडी विरघळते आणि औषध पुन्हा तयार.

ऐकायला सोपे, करायला कठीण. एका खेपेला एक-दोन दिवसांपासून चार-पाच दिवसही लागतात. ऊब घाईने वाढवली तर गोठलेला माल मऊ पडतो, वडी बसते आणि सारी खेप बाद होते. घाईत सुकवलेला रंग जसा कापडावर डाग पाडतो, तसेच हे.

ही युक्ती मुळात गरिबांची. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतातले शेतकरी कित्येक शतके रात्रीच्या थंडीत बटाटे गोठवतात, दिवसा उन्हात वाळवतात आणि पायांनी तुडवून त्यांतले पाणी काढतात. ते बटाटे वर्षानुवर्षे टिकतात. प्रयोगशाळेत ही रीत १९०६ मध्ये पॅरिसला द’अर्सोनवाल आणि बोर्दा यांनी आणली. १९३५ च्या सुमारास अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या विद्यापीठात फ्लॉसडॉर्फ आणि मड यांनी रक्तातील सीरम सुकवण्याची पद्धत बसवली. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांसाठी सुकवलेला प्लाझ्मा आघाडीवर पोहोचला, तो या रीतीने.

साखरेची खळ

आता कारागिरीची गोष्ट. प्रोटीनला पाण्याचा आधार असतो. पाणी काढले की घडी उघडी पडते. तिला धरून ठेवायला काहीतरी हवे. आपल्याकडे ताण्याच्या सुताला खळ देतात, ती कशासाठी? मागावरचा ताण आणि घासणी सोसून धागा शाबूत राहावा म्हणून. कापड झाल्यावर प्रोसेसमध्ये ती खळ धुऊन निघते. औषधाच्या कारखान्यात हेच काम साखर करते. सुकवण्याआधी द्रवात साखर घालतात. पाणी जाते तशी साखर प्रोटीनच्या भोवती बसते आणि पाण्याची जागा घेते.

यात एक बारीक गोष्ट आहे. साखर खडीसाखरेसारखी स्फटिक होऊन वेगळी पडली तर उपयोग नाही. ती चिक्कीच्या पाकासारखी काच होऊन बसली पाहिजे. काचेत अडकलेले प्रोटीन हलू शकत नाही, म्हणून बिघडत नाही. पण चिक्कीला पावसाळी हवा लागली की ती मऊ आणि चिकट होते, हे सर्वांना ठाऊक आहे. औषधाच्या वडीचेही तसेच. थोडी ओल शिरली की काच मऊ पडते आणि आतले प्रोटीन पुन्हा हलू लागते. म्हणून बूच इतके घट्ट आणि ओलीचे प्रमाण इतके कडक.

या कामात दोन साखरा जास्त चालतात : आपली नेहमीची ऊस-साखर, म्हणजे सुक्रोज, आणि ट्रेहॅलोज. ट्रेहॅलोजची हकीकत आमच्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्यांना आवडेल. युनानी वैद्यकात ‘शकर तीघाल’ नावाचे एक औषध आहे. इराण आणि इराककडे काटेरी झुडपांवर एक भुंगा गोड कोश करतो, तेच हे. त्याला ‘त्रेहाला’ असेही म्हणतात. १८५८ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बर्तेलो यांनी त्यातून साखर वेगळी काढली आणि तिला ट्रेहॅलोज नाव दिले. पुढे कळले की वाळवंटातल्या काही वनस्पती आणि सूक्ष्म जीव याच साखरेच्या जोरावर पार सुकूनही जिवंत राहतात आणि पाणी मिळाले की उठतात. हकीमांच्या फडताळातली ही साखर आज कर्करोगाच्या औषधात आहे. स्तनाच्या कर्करोगावरचे ट्रास्टुझुमॅब १९९८ मध्ये अमेरिकेत ‘हर्सेप्टिन’ नावाने आले. त्याच्या ४४० मिलिग्रॅमच्या कुपीत ४०० मिलिग्रॅम ट्रेहॅलोज असे. म्हणजे जवळजवळ जितके औषध तितकी खळ!

देवी गेली ती भुकटीमुळेही

सुकवण्याची खरी किंमत जगाला देवीच्या रोगाने दाखवली. देवीची जुनी द्रव लस उष्ण हवेत काही दिवसांत निकामी होई. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधले लेस्ली कोलियर यांनी १९५० च्या दशकात ती गोठवून सुकवण्याची अशी रीत बसवली की कारखान्यात भरपूर माल काढता येईल. जागतिक आरोग्य संघटनेने कसोटी ठेवली : ३७ अंशांत चार आठवडे ठेवूनही लस जोरदार राहिली पाहिजे. सुकवलेली लस या कसोटीला उतरली. सोव्हिएत रशियाने ती भारताला मोठ्या प्रमाणात दिली आणि पुढे ती आपल्या देशातही होऊ लागली. १९६७ मध्ये जगभर जोराची मोहीम सुरू झाली. भारतात शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये सापडला. जगातला नैसर्गिक लागणीचा शेवटचा रुग्ण ऑक्टोबर १९७७ मध्ये सोमालियात आढळला. ८ मे १९८० रोजी देवी संपल्याची घोषणा झाली. लस देणारे, घरोघर रुग्ण शोधणारे, यांची मेहनत मोठीच. पण बिनबर्फाच्या पेटीत लस घेऊन खेड्यात जाता आले, ते सुकवण्यामुळे.

सापाचे विष आणि त्याचा उतारा

आपल्या शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या दृष्टीने सर्वांत जवळचे उदाहरण सर्पदंशाचे. एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. मरणारे बहुतेक खेड्यातले.

उतारा करण्यासाठी नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांचे विष घोड्यांना बेताबेताने टोचतात आणि घोड्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे वेगळी काढतात. विषाचा मोठा पुरवठा तामिळनाडूतील इरुळा जमातीच्या सर्पमित्रांची सहकारी संस्था करते. ती १९७८ मध्ये स्थापन झाली. पिढीजात साप पकडणाऱ्यांनी आपल्या कसबाची सोसायटी केली आणि औषध-कारखान्यांना कच्चा माल विकू लागले. कारागिरांनी लक्षात घ्यावे असे हे उदाहरण आहे. विषही सुकवूनच ठेवतात. आपल्या राज्यात परळच्या हाफकिन संस्थेची परंपरा १८९९ पासूनची. हाफकिन महामंडळाचा उताऱ्याचा कारखाना पुण्याजवळ पिंपरीला आहे.

हा उतारा द्रव असेल तर फ्रीज लागतो आणि मुदत साधारण दोन वर्षे. सुकवलेला असेल तर थंड, अंधाऱ्या जागी ठेवला तरी चालतो आणि मुदत पाच वर्षे. ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विजेचा भरवसा नाही, तिथे या फरकाचा अर्थ माणूस वाचणे किंवा न वाचणे असा होतो. एका रुग्णाला सुरुवातीलाच आठ ते दहा कुप्या लागतात. प्रत्येक कुपीत १० मिलिलिटर निर्जंतुक पाणी घालून वडी हलक्या हाताने विरघळवावी लागते. त्याला वेळ लागतो. डॉक्टर किंवा सिस्टर कुपी तळहातात फिरवत उभे दिसले तर नातेवाइकांनी आरडाओरडा करू नये. कुपी जोराने हलवली तर फेस होतो आणि फेसात प्रोटीनची घडी मोडते. ते हळू फिरवतात, ते रुग्णाच्याच भल्यासाठी.

फवारून सुकवणे

दुसरी रीत फवाऱ्याची. दुधाची पावडर याच रीतीने होते. १८७२ मध्ये सॅम्युएल पर्सी यांनी अमेरिकेत तिचे पेटंट घेतले होते. द्रव बारीक तोटीतून गरम हवेत फवारतात. थेंब क्षणात सुकतो, भुकटी हवेबरोबर वाहते आणि सायक्लोनमध्ये गोळा होते. पिठाच्या गिरणीत किंवा लाकडाच्या कारखान्यात धूळ पकडणारा सायक्लोन ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे लगेच कळेल.

हवा शंभर अंशांहून गरम, मग प्रोटीन शिजत कसे नाही? माठातले पाणी उन्हाळ्यात थंड का राहते, ते आठवा. पाणी उडताना उष्णता घेऊन जाते. थेंबात पाणी आहे तोवर थेंब थंडच राहतो आणि पाणी संपताच भुकटी गरम हवेतून बाहेर काढली जाते. गोठवून सुकवायला दिवस लागतात, इथे माल सतत निघत राहतो. २०१५ मध्ये अमेरिकेत फवारून सुकवलेले पहिले फायब्रिन सीलंट मंजूर झाले. शस्त्रक्रियेत रक्तस्राव थांबवण्यासाठी जखमेवर टाकायची ही भुकटी होती.

फवाऱ्याचा मोठा फायदा म्हणजे कणाचा आकार हातात राहतो. याला कण घडवण्याची विद्या म्हणावे. १ ते ५ मायक्रॉनचा कण श्वासाबरोबर फुप्फुसात खोल जातो. मोठा कण घशातच अडकतो, फार लहान कण श्वासाबरोबर परत बाहेर येतो. कापसाचा तंतू १२ ते २० मायक्रॉन जाडीचा. गिरणीतल्या कामगारांना बायसिनोसिस नावाचा छातीचा विकार होतो, तो तंतूंनी नव्हे, तर त्यांच्याबरोबर उडणाऱ्या बारीक धुळीने. १९४८ च्या कारखाना कायद्यात त्याची व्यवसायजन्य रोग म्हणून नोंद होती. ज्या वाटेने आमच्या कामगारांच्या छातीत धूळ गेली, त्याच वाटेने आता औषध पाठवायचा प्रयत्न चालू आहे.

कणाचा आकारच नव्हे, वजनही महत्त्वाचे. १९९७ मध्ये अमेरिकेत एडवर्ड्स, लँगर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की कण मोठा पण पोकळ आणि हलका असेल तर तोही खोल जातो आणि एकमेकांना कमी चिकटतो. भुकटी चिकटू नये म्हणून ल्युसिन नावाचे अमायनो आम्ल घालतात. ते थेंबाच्या पृष्ठभागावर येऊन कणाला कोरडी साल देते. आणखीही रीती आहेत. कोणी द्रव उणे १९६ अंशांच्या नायट्रोजनमध्ये फवारून मग गोठवून सुकवतो. कोणी दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडचा वापर करतो. बुडापेस्टच्या तंत्र विद्यापीठातील संशोधकांनी तर विजेच्या उच्च दाबाने औषधाच्या द्रावणाचे सूत काढून ते सुकवण्याचे प्रयोग केले आहेत. सूतवाल्यांनी कान टवकारावे अशी ही बातमी, पण तो अजून प्रयोगाचा भाग आहे.

माल चांगला, माप वाईट

फवाऱ्याच्या इन्सुलिनची कथा व्यापाऱ्याने जरूर वाचावी. जानेवारी २००६ मध्ये फायझर कंपनीच्या ‘एक्झुबेरा’ला अमेरिकेत मंजुरी मिळाली. सुई नको, इन्सुलिनची भुकटी तोंडाने ओढायची. सुकवण्याचे तंत्र अव्वल होते. पण ओढण्याचे यंत्र उघडल्यावर फूटभर लांब. डॉक्टर आणि रुग्ण युनिटमध्ये मोजत आलेले, कंपनीने माप मिलिग्रॅममध्ये दिले. १ मिलिग्रॅम म्हणजे सुमारे ३ युनिट, पण ३ मिलिग्रॅमची पुडी म्हणजे सुमारे ८. तीन लहान पुड्या आणि एक मोठी पुडी यांचा हिशेब जुळेना. शिवाय फुप्फुसांची तपासणी करून घेणे भाग. ऑक्टोबर २००७ मध्ये कंपनीने माल मागे घेतला आणि २८० कोटी डॉलरचा तोटा खात्यात लिहिला. गिऱ्हाइकाचे माप बदलून माल विकायला निघालेल्याची हीच गत होते, मग ती पेढी कितीही मोठी असो.

दुसऱ्या कंपनीने धडा घेतला. जून २०१४ मध्ये ‘अफ्रेझा’ मंजूर झाले. त्याचे यंत्र तळहातात मावते आणि माप युनिटमध्ये आहे. तिथे कण फवाऱ्याने नव्हे, तर एका वाहक पदार्थाचे बारीक स्फटिक जमवून, त्यांवर इन्सुलिन बसवून करतात. डिसेंबर २०२४ मध्ये सिप्ला कंपनीला ते भारतात विकण्याची मंजुरी मिळाली. दमा किंवा फुप्फुसाचा जुनाट विकार असलेल्यांनी मात्र ते घ्यायचे नाही, हे ध्यानात ठेवावे.

पुण्याची कामगिरी

या क्षेत्रात पुण्याचे नाव जगभर आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेली सीरम इन्स्टिट्यूट गोवराची सुकवलेली लस मोठ्या प्रमाणात करते. आफ्रिकेतील मेंदूज्वरावरची ‘मेनआफ्रिव्हॅक’ ही सुकवलेली लस तिने ५० सेंटपेक्षा कमी दरात दिली. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत ती सुरू झाली. ४० अंशांपर्यंतच्या उष्णतेत चार दिवस ठेवायची परवानगी मिळाल्यावर २०१२ मध्ये बेनिनमध्ये ती बर्फाशिवाय गावोगाव नेली गेली. मुलांच्या जुलाबावरची ‘रोटासिल’ ४० अंशांतही १८ महिने टिकते. नायजरच्या उष्ण प्रदेशात तिची चाचणी झाली आणि निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे त्याच कंपनीने तिचा द्रव प्रकारही आणला, कारण पाणी मिसळण्याचा खटाटोप नको असणाराही गिऱ्हाईक असतो.

प्रत्येक प्रयोग फळतोच असे नाही. गोवराची लस वाफारा करून श्वासातून देण्याची मोठी चाचणी पुणे परिसरात झाली. ८५.४ टक्के मुलांत प्रतिकारशक्ती दिसली, इंजेक्शनने ९४.७ टक्के. म्हणजे इंजेक्शनच सरस ठरले. कोरड्या भुकटीची छोटी चाचणी २०१२ मध्ये पुण्यात ६० प्रौढांवर झाली. ती सुरक्षित ठरली, पण बाजारात आली नाही. आता नवी आशा सूक्ष्म सुयांच्या पट्टीची आहे. पट्टीवर लस सुकवलेली असते, ती मनगटावर काही मिनिटे दाबायची. गांबियात लहान मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते उत्साहवर्धक आहेत. करोनाच्या काळात काही लसींना उणे ७० अंशांची थंडी लागे. पुण्याच्या जेनोव्हाने तशाच जातीची लस सुकवून २ ते ८ अंशांत टिकणारी केली. जून २०२२ मध्ये तिला आपत्कालीन मंजुरी मिळाली.

जिलेटिनचा प्रश्न

काही सुकवलेल्या लसींत साखरेबरोबर जिलेटिन घालतात. ते जनावरांच्या कातडी-हाडांतून निघते, त्यात डुकराचेही असू शकते. आमचे वाचक हा प्रश्न विचारणारच. १९९५ मध्ये कुवेतच्या इस्लामिक ऑर्गनायझेशन फॉर मेडिकल सायन्सेसच्या परिषदेत विद्वानांनी मत दिले की ज्या पदार्थाचे मूळ रूपच पालटले, म्हणजे इस्तिहाला झाला, तो वापरता येतो. २०१८ मध्ये इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने पुण्याच्या गोवर-रुबेला लसीबाबत वेगळ्या वाटेने निर्णय दिला : वापर मुळात हराम, पण दुसरी लस नाही म्हणून गरजेपोटी परवानगी. तोवर संशय पसरला होता. २०१७ मध्ये जावा बेटावर लसीकरण ९५ टक्क्यांवर गेले होते, २०१८ मध्ये बाहेरच्या बेटांवर ते बरेच खाली राहिले, आचे प्रांतात तर फारच थोडे झाले. मुले उघडी पडली.

यात व्यापाराचा धडा स्पष्ट आहे. खळ कसली वापरली, हा प्रश्न फक्त प्रयोगशाळेचा नाही, गिऱ्हाइकाच्या भरवशाचाही आहे. अनेक औषधे केवळ साखर आणि अमायनो आम्लांवर सुकवली जातात. जो कारखाना घटक उघड सांगेल आणि पर्याय देईल, त्याच्यासाठी मोठा बाजार मोकळा आहे. आपल्या घरच्यांना शंका असेल तर आलिम आणि डॉक्टर दोघांना विचारावे. केवळ ऐकीव बोलण्यावर मुलाची लस चुकवू नये.

आपल्या मुलांना काम

हा धंदा आपल्या आवाक्यातला नाही असे समजू नका. सुकवण्याचे कपाट म्हणजे अखेर पोलादाचे बारीक वेल्डिंग, शीतयंत्र, हवा काढणारा पंप आणि मापयंत्रे. ती दिवसरात्र चालतात. मध्येच पंप बंद पडला तर लाखो रुपयांची खेप वाया. म्हणून चांगल्या मेकॅनिकला तिथे मान आहे. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन व एअर कंडिशनिंग, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, वेल्डर, केमिकल प्लांट ऑपरेटर हे अभ्यासक्रम आहेत. ज्यांचे हात लूमच्या मोटरीवर बसले आहेत, त्यांना हे शिकणे जड नाही. एक मात्र वेगळे : स्वच्छता आणि नोंदवही. तिथे प्रत्येक काम लिहून ठेवावे लागते, तोंडी हिशेब चालत नाही.

घरी आणि दवाखान्यात काय जपावे

भुकटी आहे म्हणून फ्रीज नको, असे नाही. अनेक सुकवलेल्या कुप्याही २ ते ८ अंशांतच ठेवायच्या असतात. कुपीवर लिहिले असेल तेच खरे. कुपीबरोबर आलेले पाणीच वापरायचे, दुसरे नाही. ते पाणी बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये, काच तडकते. कुपी फिरवावी, झटकू नये. पाणी मिसळले की भुकटीचे रक्षण संपले. आपल्याकडे बीसीजी आणि गोवर-रुबेलाची उघडलेली कुपी चार तासांनंतर टाकून देतात. सिस्टरने उरलेली कुपी टाकली तर नासाडी म्हणून वाद घालू नका. वडी वितळलेली, ओली किंवा रंग बदललेली दिसली तर ती वापरू नका, औषधवाल्याला दाखवा. आणि साप चावला तर बांधणे, कापणे, चोखणे यात वेळ न घालवता अंग हलवू न देता तडक दवाखाना गाठावा. तिथल्या कपाटात ती पांढरी वडी पाच वर्षांची मुदत घेऊन थांबलेली असते. ती कामाला यायची तर रुग्ण वेळेवर पोहोचला पाहिजे, आणि ते आपल्या हातात आहे.